चंद्रातल्या बाईचा पत्ता

९ जून, पुणे
नातू सुट्टीला आलाय. चौथीतून पाचवीत चाललाय. चांद्रयान-३ च्या उड्डाणाचा व्हिडिओ त्याने मोबाइलवर आज पाचव्यांदा लावला. मध्येच थांबवून म्हणाला, "आजोबा, उलटं का मोजतात? सुलटं मोजलं तर उडणार नाही का?"
एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय, तेव्हा लगेच उत्तर दिलं. म्हटलं, शून्याला उड्डाण ठरलेलं असतं आणि किती वेळ उरला ते सगळ्यांना कळावं लागतं. त्याने ऐकून घेतलं. "मग पहिल्यांदा असं कोणी मोजलं?"
हे मात्र मला माहीत नव्हतं. मुलं असलंच विचारतात.

१० जून
उत्तर मिळालं आणि थोडा अपमानही वाटला. ही रीत शास्त्रज्ञांची नव्हेच, ती एका सिनेमावाल्याची! फ्रिट्झ लांगच्या 'फ्राऊ इम मोंड' (चंद्रातली बाई) या जर्मन मूकपटातून ती रूढ झाली, असं मानतात. १५ ऑक्टोबर १९२९ ला तो बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला. आपल्याकडे त्याच वर्षी कोल्हापुरात 'प्रभात' सुरू झाली होती. लांगचं पुढे सांगणं असं की एक, दोन, तीन मोजत गेलं तर रॉकेट कधी उडणार हे प्रेक्षकाला कळत नाही. दहापासून खाली आलं की प्रत्येक आकड्याला जीव वर येतो. थोडक्यात, ती नाटकाची गरज होती.
लांगचा 'मेट्रोपोलिस' कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत पाहिला होता. त्यानंतरच्या या चित्रपटाचं नावही मी ऐकलं नव्हतं. जुन्या सोसायटीतल्या एका मित्राकडे डिस्क निघाली. लांबी १६९ मिनिटं!

११ जून
पहिला तास म्हणजे शिक्षाच. नातू वीस मिनिटांत झोपला आणि मी चाळीसच्या आसपास पेंगलो. चंद्रावर सोनं आहे म्हणणारा एक विक्षिप्त प्राध्यापक, पोटमाळ्यावरची खोली, चोरलेले कागद, डोक्याला तेल चोपडून भांग पाडलेला खलनायक. जगातलं सोनं मुठीत ठेवू पाहणारे पाच धनिक टेबलाभोवती बसतात, त्यांत एक बाईही आहे. पंधरवड्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळणार होता, हे डोक्यात ठेवून पाहिलं की या प्रसंगाला थोडी धार येते. नाही तर रहस्यकथाच, तीही लांबवलेली.

१२ जून
कालचं सगळं माफ.
उड्डाणाचा भाग तीनदा पाहिला. अजस्र शेडचे दरवाजे उघडतात. आत उभं रॉकेट, आणि तसंच उभ्याने ते रुळांवरून हळूहळू बाहेर येतं. चाळीस वर्षांनी अपोलो अशाच इमारतीतून उभंच बाहेर पडलं. पुढे ते पाण्याच्या हौदात उतरवतात, कारण वजनाला इतकं हलकं की स्वतःच्या आधारावर उभं राहायचं नाही. जोर संपलेला टप्पा गळून पडतो आणि पुढचा पेटतो. प्रवासी आडवे झोपून वेग सोसतात. पृथ्वीच्या ओढीतून सुटायच्या वेगाचा, ११.२ किलोमीटर दर सेकंदाचा, तो आकडा मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो आणि पोरं वहीत उतरवून विसरायची. इथे त्याच्यासाठी माणसं दात आवळून, शुद्ध हरपेपर्यंत धडपडताना दिसली. वर गेल्यावर पाय अडकवायला जमिनीवर पट्टे आहेत, आणि बाटलीतून सुटलेल्या द्रवाचे गोळे हवेत तरंगतात. हे कळायला नातवाला भाषा लागली नाही. "स्पेस स्टेशनमध्ये अस्संच होतं," म्हणाला.
या शहाणपणामागे हेर्मान ओबेर्थ हा माणूस होता. तोही ट्रान्सिल्व्हेनियातला शाळामास्तर. रॉकेटवरचा त्याचा प्रबंध विद्यापीठाने नाकारला, तर त्याने त्याचं १९२३ मध्ये पुस्तक काढलं. लांगने त्याला सल्लागार म्हणून बर्लिनला बोलावलं. जाहिरातीसाठी खरंच एक रॉकेट उडवायचं ठरलं होतं. ते जमलं नाही. प्रयोगात स्फोट झाला आणि ओबेर्थच्या डोळ्याला इजा झाली. प्रयोगशाळेत मीही एकदा भुवया जाळून घेतल्यात, पण त्या सोडियमच्या खड्याने, चंद्राच्या नादाने नव्हे.

१४ जून
काल वीज नव्हती, आज चंद्र गाठला. इथे मात्र ओबेर्थचं कोणी ऐकलेलं नाही. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला हवा आहे! एकोणिसाव्या शतकात हान्सेन या खगोलशास्त्रज्ञाने तशी शक्यता मांडली होती, १९२९ मध्ये ती कोणी मानत नव्हतं. पण शिरस्त्राणात तोंड झाकलं तर नटांचं मूकपटात उरतं काय? मग प्राध्यापक काडी ओढून पाहतो, ती पेटते, की झालं! पुढे तो पाणाड्यासारखी बेचकी धरून पाणी शोधत निघतो. माझे वडील विहीर खणताना पाणाड्याला बोलवायचे, त्यामुळे हसू आवरेना. आणि ती वाळू! स्टुडिओत बाल्टिकच्या किनाऱ्याची वाळू आणून ओतली होती. इतकी पांढरी की डोळे दिपावेत.
नायिकेचं नाव फ्रीडे, म्हणजे शांती. यानाचंही तेच. ती खगोलशास्त्राची विद्यार्थिनी आहे. चंद्रावर उतरल्यावर पुरुष सोन्याच्या मागे लागतात, ही कॅमेरा घेऊन चित्रण करत राहते. शेवटी गोळीबारात प्राणवायूचं नुकसान होतं आणि एकाला मागे राहावं लागणार असं ठरतं. काड्या काढतात. नायक फसवून दुसऱ्याला परत पाठवतो, यान निघून जातं, आणि त्या पांढऱ्या वाळूत एकटा उरलेला तो वळून पाहतो तर फ्रीडे तिथेच उभी. ती त्याच्यासाठी थांबली आहे.
आपल्या चंद्रात ससा किंवा हरीण, जर्मनांच्या चंद्रात पुरुष. त्याच्या जागी बाई ठेवायची बुद्धी कोणाची झाली असेल, म्हणून नामावली पुन्हा लावली. कथा, पटकथा: थेआ फॉन हार्बू. 'मेट्रोपोलिस'ही तिचाच. ती लांगची बायको. आधी कादंबरी लिहिली, ती १९२८ ची.

१५ जून
आज तिच्याविषयी वाचत बसलो आणि एका ओळीशी थांबलो. पुन्हा वाचली, मग मोठ्याने वाचली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.
लांगशी १९३३ मध्ये घटस्फोट. त्यानंतर तिने गुपचूप लग्न केलं ते बर्लिनमध्ये शिकणाऱ्या, तिच्याहून बऱ्याच लहान असलेल्या आयी तेंडुलकर या पत्रकाराशी. गाव बेळगुंदी, जिल्हा बेळगाव.
माझ्या आत्याच्या घरून बेळगुंदी स्कूटरवर अर्ध्या तासात. राकसकोपला सहलीला जाताना लागतं. रताळ्यांचं गाव म्हणून मला माहीत!

१७ जून
तेंडुलकरांची मुलगी लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी आईवडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे, त्यातून पुष्कळ धागे लागतात. थेआने बर्लिनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना घर मोकळं केलं होतं. महायुद्धाआधी तेंडुलकर परत आले, ती तिथेच राहिली. इकडे इंदुमती गुणाजींशी त्यांचं जमलं. गांधीजींनी दोघांना पाच वर्षं थांबायला सांगितलं. मध्ये दोघेही तुरुंगात जाऊन आले आणि १९४५ मध्ये सेवाग्रामला लग्न लागलं.
आता अवघड भाग. ही बाई नाझी पक्षाची सदस्य होती. त्या राजवटीत पटकथा लिहीत राहिली. गोऱ्या वंशाच्या बढाया मारणाऱ्यांच्या पक्षात राहून बेळगुंदीच्या माणसाशी संसार. हे माझ्या गणितात बसत नाही. तिला वाचवायला मी वकीलपत्र घेतलेलं नाही, पण ती आपल्याकडची सून निघाली म्हणून मन हळवं होऊ पाहतंय, हेही खरं. युद्धानंतर ब्रिटिशांनी तिला काही महिने स्थानबद्ध केलं. पुढे बर्लिनमध्ये तिने विटामातीचे ढिगारे उपसले. १९५४ मध्ये तिच्या जुन्या चित्रपटाच्या सन्मानाच्या खेळाहून निघताना पडली आणि त्यातच गेली.
चित्रपटाचंही तसंच. रॉकेटचं काम गुप्त झालं तेव्हा नाझींनी तो मागे घेतला, यानाच्या प्रतिकृतीही जप्त केल्या. इतकं खरं वाटेल असं केल्याची ही बक्षिसी. आणि ३ ऑक्टोबर १९४२ ला पीनेम्युंडेहून नाझींचं जे व्ही-२ रॉकेट पहिल्यांदा यशस्वी उडालं, त्याच्यावर काय रंगवलं होतं? चंद्रकोरीवर बसलेली बाई. पुढे लंडनवर, अँटवर्पवर पडली ती हीच रॉकेटं. यानाचं नाव मात्र शांती.

२३ जून, बेळगाव
आत्याकडे आलो. नातवाला त्याच्या घरी सोडलं, जाताना तो काडेपेटी मागत होता, दिली नाही. आत्या एक्क्याण्णव वर्षांची, कान तीक्ष्ण. रात्री सगळी गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून विचारलं, "ती बेळगुंदीला आली काय रे?"
"त्यांच्याबरोबर नाही आली. तिथंच राहिली."
"आणि सिनेमातली बाई त्याच्यासाठी थांबली म्हणालास."
"हो."
"लिहिलं तर हिनंच न्हवं?"

२४ जून
पाऊस असूनही बेळगुंदीला गेलो. शेतं नांगरून ठेवलेली, लाल चिखल चपलांना चिकटून येत होता. चहाच्या टपरीवर तेंडुलकरांचं नाव काढलं. मालक म्हणाला, "सचिनचे पावणे काय?" नाही म्हटलं. मग त्याने वय विचारलं. सव्वाशेच्या आसपास असतं, म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दुसरा कप आपणहून पुढे केला.
सांगावं म्हटलं, या गावच्या माणसाच्या बायकोने चंद्रावर जायची गोष्ट लिहिली होती, तिच्यावरच्या सिनेमातून उलटं मोजणं आलं. पण तेवढ्यात शहराची बस आली.