भिंतीपलीकडची माणसे

जयपुरास बदली झाली तेव्हा गावाकडच्या वडीलधाऱ्यांनी आम्हांस पाण्याच्या टंचाईविषयी पुष्कळ उपदेश केला. पुराविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. राजस्थान म्हटले की वाळू आणि उंट, एवढाच भूगोल आपल्याकडे पाठ असतो. परंतु येथील जुनी माणसे जुलै १९८१ च्या महापुराच्या आठवणी अजून काढतात. पुढे १४ ऑगस्ट २०२० रोजी तर काही तासांच्या पावसाने रस्त्यांचे ओढे झाले. टेकड्यांवरून इतकी माती उतरली की लाल डूंगरीच्या वस्तीत मोटारी गाडल्या गेल्या. अल्बर्ट हॉलच्या तळघरात पाणी शिरले, तेव्हा तेथील सेवकांनी पेटीची काच फोडून दोन हजार वर्षांहून जुनी ईजिप्तची ममी वाचविली. भिजलेल्या फायली मात्र मागाहून वाळत घालाव्या लागल्या. आमच्यासारख्या कारकुनास ममीपेक्षा त्या फायलींचाच अधिक कळवळा आला, हे सांगणे नकोच.

ते करोनाच्या साथीचे वर्ष. माणसाने माणसापासून दूर राहावे, हा त्या दिवसांचा दंडक. पण गल्लीतले पाणी आमच्या उंबऱ्यास लागले आणि शेजारच्या माजींनी गच्चीच्या कठड्यावरून आमच्या कुटुंबास हाक मारली, "बींदणी, पहले मेन सुइच बंद कर, फिर टाबरां नै ऊपर भेज!" आमच्या घराचे मेन स्विच जिन्याखाली अडगळीत आहे, हे त्या माउलीस आमच्या आधीच्या दोन भाडेकरूंपासून ठाऊक होते. मुले कठड्यावरून पलीकडे गेली आणि रात्री बाजरीची रोटी खाऊन तेथेच झोपली. मंडळातल्या स्नेह्यांचे फोन त्याच वेळी येत होते. जिव्हाळा खरा, पण कोणी मानसरोवरात, कोणी मालवीय नगरात, आणि मधले रस्ते पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर तेच स्नेही कोरडी अंथरुणे, पिठले आणि भाकरी घेऊन आले. त्यांचा उपयोग दुसऱ्या दिवशी होता. पहिल्या घटकेस कठड्यापलीकडचेच माणूस हवे होते.

न्यू ऑर्लिन्समधले ज्यांचे घर २००५ च्या कतरिना वादळात गेले, त्या डॅनिएल ऑल्ड्रिच नामक अभ्यासकाने पुढे असाच विचार विस्ताराने मांडला: ज्या वस्तीत माणसांचे एकमेकांकडे येणेजाणे, ती आपत्तीतून लवकर सावरते. पण त्यांनीच दुसरी बाजूही दाखविली आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या पंचायतींनी आपल्या माणसांपर्यंत मदत झपाट्याने पोहोचविली. त्या वर्तुळाबाहेरचे दलित आणि विधवा मागे राहिल्या. हे वाचताना आम्ही थबकलो. तीन वर्षांच्या बिऱ्हाडाला परगावात कोणाचे वर्तुळ असते? आपण आपले मराठी वर्तुळ आखतो, त्यात गणपती बसवितो, नाटके करतो. ते हवेच. मात्र पूर मातृभाषा विचारून येत नाही. तो उतार पाहून येतो.

आपल्या पुण्याचेच पाहा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. अर्धगोल छपरांची ती घरे पुष्कळांस आठवत असतील. निवारा मिळाला, हे सरकारचे मोठेच काम. परंतु एका चौकात वाढलेली, एकमेकींच्या स्वयंपाकघरांत विचारल्यावाचून शिरणारी बिऱ्हाडे पांगली, त्यांची नोंद कोणत्या फायलीत असणार? एका दिवसाच्या पुराने त्यांचे जे केले, ते आमचे बदलीचा हुकूम दर तीन वर्षांनी करतो.

आमच्या मंडळाच्या यादीत सभासदाचे नाव, खाते, हुद्दा आणि पत्ता असतो. यंदा तीत 'लगतच्या शेजाऱ्याचे नाव व फोन' असा एक रकाना वाढवावा, अशी लेखी सूचना आम्ही दिली आहे. निम्म्या सभासदांना तो भरता येणार नाही, असे चिटणीसांचे म्हणणे. सूचना कार्यकारिणीच्या विचाराधीन आहे.