अंगठ्याचं काम

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की हात आंधळे होतात. उजवी तर्जनी शटरवर, अंगठा मागच्या बाजूला, डावा तळवा लेन्सखाली. एवढ्या भांडवलावर फोकस, एक्स्पोजर, आयएसओ सगळं सांभाळायचं असतं. बटणाला कड असते, डायलला खाचा असतात, त्यामुळे आपण कुठे आहोत ते बोटाला न बघता कळतं. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. तिच्यावर काय कुठे आहे ते पाहायला डोळा काढावा लागतो, आणि तो काढेपर्यंत समोरचा माणूस हसून मोकळा झालेला असतो. लोक हे भांडण बटण विरुद्ध टच असं मांडतात. मला वाटतं, फोटो काढणाऱ्याचा डोळा त्या क्षणी कुठे आहे, एवढंच विचारावं.

*

बटणांचे कैवारी एक गोष्ट विसरतात. बटणंसुद्धा एकेकाळी उपरीच होती.

१९८५ साली मिनोल्टा ७००० आला. ऑटोफोकसची मोटर बॉडीतच, त्याचं कौतुक झालंच पाहिजे. पण त्याच कॅमेऱ्यावरून शटर स्पीडची ओळखीची डायल गेली. तिच्या जागी वाढवायचं-कमी करायचं बटण आणि आकडे दाखवणारा छोटा एलसीडी. एक हजारावरून साठावर यायचं तर टक-टक-टक दाबत बसा. पुढच्याच वर्षी कॅननने टी९० काढला. त्याचा गोलसर घाट डिझायनर लुइजी कोलानीच्या हाताखालून गेलेला, पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते शटर बटणामागचं चाक. त्यावर एकही आकडा नाही. तर्जनी शटरवरून जराशी मागे घ्यायची आणि फिरवायचं. काय बदलतंय ते व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. १९८७ च्या ईओएस मालिकेने ते चाक उचललं आणि कॅननच्या कॅमेऱ्यांवर ते अजून आहे. नवी गोष्ट आली, अर्धी फसली, मग बोटाच्या सोयीने दुरुस्त झाली. टचस्क्रीनचंही असंच काहीसं चाललं आहे.

*

लायका टी, २०१४. ॲल्युमिनियमच्या एका सबंध ठोकळ्यातून कोरलेली बॉडी. एकेक बॉडी हाताने ४५ मिनिटं घासून चकचकीत करत, हे दाखवायला कंपनीने तेवढीच लांब जाहिरात केली आणि ती कंटाळवाणी आहे हे स्वतःच सांगून टाकलं. मागे जवळपास सगळी काच, ३.७ इंचांची, मोबाइलसारखे चौकोन सरकवायचे. व्ह्यूफाइंडर अंगचा नव्हताच, वेगळा घेऊन वर बसवायचा. म्हणजे डोळा आधीच काचेवर आहे हे गृहीत धरलेलं. त्या हिशेबाने टच चुकीचा नव्हता. तरी वर दोन डायल ठेवल्या होत्या, हे लक्षात घ्या. २०१७ मध्ये त्याच माउंटचा लायका सीएल आला तो आतच व्ह्यूफाइंडर घेऊन. आणि त्याच्याबरोबर मागे बटणंही परतली.

*

झाइसचा झेडएक्स१ तर त्याहून पुढचा. २०१८ च्या फोटोकिना प्रदर्शनात दाखवला, विकायला यायला २०२० उजाडलं, किंमत ६,००० डॉलर. आत अँड्रॉइड, आत लाइटरूम, ५१२ जीबीची साठवण, पाठीवर ४.३ इंचांची काच. पण शटर स्पीड आणि आयएसओ वरच्या डायलवर, ॲपर्चर लेन्सच्या रिंगवर. बाकी सारं काचेच्या हवाली करणाऱ्यांनाही ही तीन कामं बोटांकडून काढून घेववली नाहीत.

*

पाऊस. आजच्या कॅमेऱ्यांवरची टचस्क्रीन दाब ओळखत नाही. बोट जवळ आलं की काचेवरच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखते. पाण्याचा थेंबही तो बदल घडवतो. दिवे घाटात पालखी वर चढत असते, ज्येष्ठातली सर तिरपी येते, आणि कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीवरून बटण चाचपता येतं, डायल चिमटीत धरून फिरवता येते. ओल्या पिशवीखालची काच कधी ऐकत नाही, कधी न सांगितलेलं ऐकते. फोकसचा चौकोन वीणेकऱ्यावरून उडून कुणाच्या तरी छत्रीवर जाऊन बसतो.

उलट बाजूही आहेच. प्रत्येक बटण म्हणजे बॉडीला एक भोक. त्याला स्प्रिंग हवी, खाली वायरिंग हवं, पाणी आत जाऊ नये म्हणून रबर हवं. कॅमेरा बनवणाऱ्याला काच परवडते ती उगाच नाही.

*

आता टचच्या बाजूने, आणि मनापासून.

लग्नाचा हॉल. मंगलाष्टकं संपत आलेली, अंतरपाट खाली यायच्या बेतात. मुलीच्या मावश्या, मुलाचे मित्र, सगळे मोबाइल उंचावून पुढे. फोटोग्राफरला आपला कॅमेरा डोक्यावर धरण्यावाचून गत्यंतर नाही. स्क्रीन खाली वळवायची, मान वर करून बघायचं आणि नवरीच्या डोळ्यावर बोट टेकवायचं. फोकसही तिथेच, शटरही त्याच टेकण्यात. जॉयस्टिकने चौकोन ढकलत ढकलत न्यायला तेवढ्यात वेळ कुठून आणायचा? पॅनासॉनिक जी२ ने २०१० मध्ये लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर टच आणला, कॅननच्या ६५०डी ने २०१२ मध्ये डीएसएलआरवर. हे हॉलमध्ये काम करणाऱ्यांवर उपकारच झाले.

व्हिडिओत तर वादच नाही. हारावरून चेहऱ्यावर फोकस न्यायचा तर बोटाने दाखवणं हा सगळ्यात सरळ रस्ता. शिवाय डायलची टकटक माइकमध्ये जाते, काचेवरच्या बोटाचा आवाज होत नाही.

*

काही कॅमेऱ्यांवर डोळा व्ह्यूफाइंडरला ठेवून अंगठ्याने मागची स्क्रीन पॅडसारखी वापरता येते. अंगठा सरकवला की फोकसचा चौकोन सरकतो. कल्पना छान. पण बघणाऱ्याचं नाक स्क्रीनवर टेकतं आणि दर वेळी फोकसमध्ये नाक खुपसतं. म्हणून मेनूत एक पर्याय असतो: स्पर्श फक्त उजव्या अर्ध्या भागात घ्या. हा पर्याय ज्याने सुचवला त्याचं नाक भरदार असणार.

*

कॅनन ईओएस आर, २०१८. व्ह्यूफाइंडरशेजारी, नेमका अंगठा विसावतो तिथे, एक स्पर्शाची पट्टी. टेकवा, सरकवा, काय हवं ते नेमून द्या. कॅमेरा नुसता हातात धरला तरी ती चळायची. त्यावर उपाय असा की आधी काही क्षण बोट दाबून ठेवा, मग ती जागी होईल. म्हणजे झटपट कामासाठी केलेली पट्टी वाट बघायला लावू लागली. जॉयस्टिक मात्र त्या कॅमेऱ्यावर नव्हती. २०२० मध्ये आर५ आणि आर६ आले. पट्टी गेली, जॉयस्टिक आली. निवांत अंगठा आणि काम करणारा अंगठा यातला फरक काचेला कळत नाही, बटणाला कळतो.

*

जुन्या वळणाच्या डायलबद्दल मात्र माझा उत्साह बेताचा आहे. फुजीच्या एक्स-टी१ वर (२०१४) डावीकडे आयएसओ, उजवीकडे शटर स्पीड. कॅमेरा बंद असतानाही सेटिंग वरून वाचता येतं, हे सुख खरं. पण डोळा व्ह्यूफाइंडरला असताना त्या कोरलेल्या आकड्यांचा काय उपयोग? आणि अंधारात तर ते असून नसल्यासारखेच. निकॉन झेडएफवर (२०२३) पितळी डायल आहेत, पण त्याच्या बहुतेक नव्या लेन्सना ॲपर्चरची रिंग नाही; म्हणून एफ-आकडा दाखवायला वर एक इवलीशी खिडकी. दिसायला देखणं, मानतो. वेगाच्या कामाला टी९० चं बिनआकड्याचं चाकच बरं.

फुजीचा २०२५ चा एक्स हाफ तर शुद्ध खेळ. डिजिटल कॅमेरा, आणि फिल्म मोडमध्ये प्रत्येक फोटोनंतर खटका ओढायचा. खेळ म्हणून मजा आहे, वाद घालायचं कारण नाही.

*

रात्रीसाठी दोन चांगल्या गोष्टी, दोन्ही २०१६ च्या. निकॉन डी५०० ची मागची बटणं उजळतात. पेंटॅक्स के-१ ला लेन्स माउंटवर आणि कार्डाच्या खाचेशी बारीक दिवे आहेत. आकाशगंगेचे फोटो काढणाऱ्याला पेटलेली स्क्रीन नकोच असते. तिने अंधाराला सरावलेले डोळे जातात आणि शेजारच्या ट्रायपॉडवाल्याच्या शिव्या मिळतात.

*

सबंध काचेचं यंत्र म्हणजे मोबाइल. आणि २०२४ मध्ये आयफोन १६ ला कॅमेऱ्यासाठी वेगळं बटण आलं. दाबलं की कॅमेरा उघडतो, पुन्हा दाबलं की फोटो. पण ॲपलला नुसत्या बटणावर राहवलं नाही. त्यावर हलकं दाबणं आहे, बोट सरकवून झूम आणि एक्स्पोजर बदलणं आहे. फोन आडवा धरला की बोट तिथेच विसावतं, आणि नको असताना झूम सरकतो. ईओएस आर वापरलेल्यांना हे नवं नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते सरकवणं बंद करता येतं. मग ते साधं शटर बटण उरतं, आणि चांगलं चालतं.