गंगेत घोडे न्हाले

दौंड-मनमाड लोहमार्गावर पुणतांबे जंक्शन लागते. २००९ साली इथून शिर्डीला आगगाडी जाऊ लागली, तेव्हापासून बहुतेक प्रवासी साईबाबांच्या ओढीने तसेच पुढे निघून जातात. गेल्या कार्तिकात मी मात्र उतरलो. गावाला गोदावरीचा काठ आहे, अहिल्याबाई होळकरांचा घाट आहे आणि चांगदेवांची समाधी आहे. २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांच्या संपाने हे नाव महाराष्ट्रभर गाजले; एरवी गाव आपले शांत.

समाधीचे दर्शन घेऊन घाटावर आलो, तो भर दुपारी एक म्हातारेबुवा पांढऱ्या घोडीला न्हाऊ घालीत होते. इकडे गोदावरीला सारे गंगाच म्हणतात. मी सहज म्हणालो, "वा! गंगेत घोडे न्हाले म्हणायचे!"

बुवा काही हसले नाहीत. "न्हाऊन काय व्हतंय पाव्हणं? वाळली पायजे."

घोडी वरातीची. तुळशीचे लग्न लागले की हिचा हंगाम सुरू. अंग तुकतुकीत दिसावे म्हणून बुवांच्या मुलाने तिचे केस यंत्राने कातरून घेतले होते. पण नदीकाठची थंडी. केस गेले म्हणजे अंगावर झूल आली. आणि झूल उघड्या कातडीवर रात्रभर घासली की दोन्ही खांद्यांवर रुपयाएवढे चट्टे उठणारच. तसे ते उठले होते.

"कातारली म्हंजी तिची कुडतीच काढली की!" बुवा म्हणाले.

मग घोडीचे अंग पुसता पुसता त्यांनी मला सारे शास्त्रच सांगितले. घाम, धूळ आणि घासणे ही तिघे एकत्र आली की कातडे गेलेच. ओले कातडे मऊ पडते, म्हणून झूल ओल्या अंगावर कधी टाकू नये. आधी मऊ ब्रशाने अंग झाडावे. झूल मानेकडे थोडी पुढे टाकून केसांच्या वळणाने मागे ओढावी, म्हणजे केस उलटे दबत नाहीत. छातीवरच्या पट्ट्यातून मूठ सहज जावी. खांद्यापाशी आतून जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा शिवावा. घोंगडी उबेची खरी, पण खरखरीत. ती वरून घालावी, अंगाला लावू नये. झूल वरचेवर धुवावी आणि साबणाचा अंश तिच्यात राहू देऊ नये. रोज सकाळी झूल काढून तळहात फिरवावा. कुठे ऊन लागले, घोडीने अंग चोरले, की त्या जागी काही घासू द्यायचे नाही. कातडे फुटले, सूज आली, तर सरळ जनावरांचा डॉक्टर गाठावा.

आपण 'खोगीरभरती' हा शब्द किती तुच्छतेने वापरतो! बुवांच्या लेखी ती भरती म्हणजे घोडीचा प्राण. ती सारखी नसेल तर सारा भार एकाच जागी रुततो. त्यांनी घोडीच्या मानेखालच्या उंचवट्यावर बोट ठेवले. तिथे केसांखाली जुन्या जखमेचा कठीण वण लागत होता.

"आदल्या मालकाची घाई हाय ही," ते म्हणाले.

एवढ्यात मुलगा आला. शेजारच्या गावची वरात त्याच रात्री होती, विसार घेऊन ठेवलेला होता. वरून जरीची झूल टाकू, चट्टे कुणाला दिसणार, असे त्याचे म्हणणे. हंगाम तो केवढा, मुहूर्त ते किती! बुवा घटकाभर गप्प राहिले. मग म्हणाले, "लोकास्नी न्हाई दिसणार. तिला कळंल न्हवं? पैसं देऊन ये माघारी, आन् दुसरी घोडी बघून दे त्येंना."

मुलगा पाय आपटीत गेला, पण गेला.

चांगदेव वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले, अशी कथा आहे. निर्जीव भिंत चालत येताना पाहिली आणि त्यांचा अभिमान गळाला. आजवर मी ती कथा त्या भिंतीसाठी ऐकत आलो. त्या दिवशी प्रथमच मनात आले, की त्या वाघाच्या पाठीची चौकशी कुणी केली असेल का?

परतीच्या वाटेवर मी पुन्हा घाटाकडे वळून पाहिले. घोडी उन्हात डोळे मिटून उभी होती. तिचे अंग वाळले होते.