भूत किती जबर असावं

भूत किती जबर असावं, हा प्रश्न कॉलेजपासून माझी पाठ सोडत नाही. तेव्हा आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचो, जुन्या नियमांच्या झेरॉक्सवरून. डंजन मास्टर माझा मावसभाऊ. आमची पात्रं सोडून त्या जगात जे जे होतं, ते सगळं तो चालवायचा. त्या नियमांत व्हॅम्पायरचा एक फटका बसला की पात्राच्या दोन लेव्हल जात. महिनोन्‌महिने खेळून कमावलेली ताकद एका फाशासरशी गायब! शवपेटी दिसली की आमच्यातला सगळ्यात धीट गडीसुद्धा आधी विचारायचा, "दादा, बाहेर जायचं दार कुठंय?"

पुढे खेळवायची पाळी माझ्यावर आली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हाती चॅलेंज रेटिंग दिलं होतं : चौघांची तुकडी अमुक लेव्हलची, तर तिला तमुक आकड्याचा शत्रू पेलवतो. लांडगे, दरोडेखोर यांच्यासाठी हा आकडा चांगला चालतो. अमानवी शत्रूपुढे तो अपुरा पडतो. वेअरवुल्फ घ्या. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत त्याचं रेटिंग अवघं ३, पण साध्या तलवारीने त्याला ओरखडाही उमटत नाही. जादू तरी हवी, नाहीतर चांदीचं शस्त्र. चांदीची एक सुरी जवळ असली की लढाई सोपी. ती नसली आणि मंत्रही संपलेले असले, तर पळ काढण्यावाचून गत्यंतर नाही. आकडा मात्र तोच.

१९८१च्या कॉल ऑफ कथुलू या दुसऱ्या खेळाने तर बरोबरीचा विचारच सोडून दिला. खुद्द कथुलू, म्हणजे त्यातला झोपलेला महाकाय देव, समोर आला तर दर फेरीला एक ते तीन पात्रं उचलतो, आणि ती संपलीच. तिथे जुनी कागदपत्रं चाळायची, मन ताळ्यावर ठेवायचं आणि तो जागा होण्याआधी हालचाल करायची. मला हे मान्य आहे. फक्त खेळायला बसतानाच तसं सांगितलेलं असावं.

माझं समाधान झालं ते रेव्हनलॉफ्टने. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं हे डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठीचं साहस १९८३चं. त्यातला व्हॅम्पायर काउंट स्ट्राड हा या खेळातला सर्वांत नीट घडवलेला शत्रू, असं मला वाटतं. पाचव्या आवृत्तीत त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचा आकडा, १४४, आणि वर दर फेरीला २० भरून येतात. पण उन्हात किंवा वाहत्या पाण्यात ते भरत नाहीत. शिवाय एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते, आणि सूर्यतलवार, पवित्र चिन्ह, स्ट्राडची स्वतःची वही कुठे दडली आहे ते त्या पत्त्यांवरून ठरतं. दर खेळात पत्ते वेगळे, जागा वेगळ्या. स्ट्राडला तसूभरही कमी केलेलं नाही; त्याला हरवायची वाट तेवढी त्याच्याच मुलखात पुरून ठेवली आहे.

मी हे खेळवलं तेव्हा पहिल्या भेटीत त्याने सगळ्यांना पळता भुई थोडी केली. शेवटच्या लढाईत एका मैत्रिणीने ती तलवार उपसली. तिचा उजेड म्हणजे खरंखुरं ऊन. "या फेरीत त्याचं काही भरून येत नाही," मी म्हटलं, आणि टेबलाभोवतीचे सगळे उठून उभे राहिले. फासे मी सर्वांदेखत टाकते. पडद्याआड आकडा बदलून पात्र वाचवणं मला पटत नाही. त्यात शत्रूचाही मान जातो आणि जिंकणाऱ्याचाही.

आता लेक तिच्या मैत्रिणींना खेळवते. तिने राक्षस निवडलाय. हो, आपलाच, १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलच्याही आधीपासून तो या खेळात आहे, वाघाच्या तोंडाचा, तळहात उलटे बसवलेला. त्या पुस्तकात तो आशीर्वाद दिलेल्या क्रॉसबोच्या एका बाणाने मरायचा. लेकीने तोच बाण घ्यायचं ठरवलं. हिरण्यकशिपूची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलीला, कितीही कडेकोट वर असला तरी त्यात फट असते, हे शिकवावं लागलं नाही. "पण आई, हे गावात माहीत कुणाला असेल?" ती विचारत आली. मी म्हटलं, एकालाच माहीत असून भागायचं नाही. त्याच्याशी कुणी बोललंच नाही तर? मग आम्ही बसून वाटणी केली : थोडं पुजाऱ्याला ठाऊक, थोडं लोहाराला, आणि सगळं ठाऊक असलेला तिसरा खुद्द राक्षस, ज्याला बढाया मारल्याशिवाय राहवत नाही.