शंभर गुंठे, एकशेएक आर

आमच्या धंद्यात युनिट्सचा घोळ झाला की बग येतो. क्लायंट ओरडतो, एखादी रात्र जागून काढावी लागते, संपलं. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं. एका टीमचे आकडे पौंडांत, दुसरीचे न्यूटनमध्ये! कॉलेजात हा किस्सा ऐकून आम्ही पोट धरून हसलो होतो. गावाकडे मात्र युनिट चुकलं की भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो.

आजोबांनी बाबांना आणि काकांना सारखी जमीन दिली. वाटणीपत्रात स्वच्छ लिहिलंय, '२ एकर २० गुंठे', म्हणजे १०० गुंठे. बाबांनी मध्यंतरी आपला सातबारा काढला, त्यावर क्षेत्र १ हेक्टर १.१७ आर. काकांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं की आर म्हणजेच गुंठा. झालं! "दादा, तुझा एक गुंठा वाढला कसा? बांध सरकला का?" बाबांच्या ते जिव्हारी लागलं. दोन महिने फोन बंद.

आता गंमत बघा. गुंठा हे क्षेत्रफळाचं माप, पण त्याची नाळ लांबीशी जोडलेली. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, एकेक भाग म्हणजे एक आणा. अगदी रुपयासारखा हिशोब. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की बरोब्बर एक एकर. ३३ हा आकडा विचित्र वाटतो खरा, पण इंग्रजांची गंटर साखळी ६६ फुटांची, तिची ही निम्मी.

आर पडला मीटरवाला. १० मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा आला १९५६ मध्ये. एक फूट ०.३०४८ मीटरचा, तेव्हा ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर. लांबीत फरक जेमतेम सहा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. पण वर्ग केला की गुंठा होतो १०१.१७ चौरस मीटर. शंभर गुंठ्यांत हा फरक ११७ चौरस मीटर, साधारण १२६० चौरस फूट. पुण्यात एवढ्यात टू बीएचके बसतो, राव!

काकांना कॅल्क्युलेटर दाखवून उपयोग नव्हता. अंगणात टेप पसरली, ३३ फुटांवर खडूने खूण केली, १० मीटरवर दुसरी केली. दोन खुणांमध्ये काकांची तीन बोटं बसली. मग त्यांचाही सातबारा काढला. तोच आकडा, १ हेक्टर १.१७ आर. काका बराच वेळ कागदाकडे बघत होते. "म्हणजे बांध जिथल्या तिथंच आहे," एवढंच म्हणाले. संध्याकाळी बाबांना फोन केला, तो पावसापाण्याबद्दल. चालायचंच.

असो. आपल्यापैकी बरेच जण हल्ली गावाकडे प्लॉट शोधतायत. एजंट सहज म्हणतो, "गुंठा म्हणजे हजार फूट धरा ना साहेब." धरू नका. दहा गुंठ्यांत ८९० चौरस फूट हवेत जातात. व्यवहाराआधी एकच विचारा, तुमचा गुंठा किती फुटांचा?