वाजवणारा कोणाच्या हुकमाने वाजवतो? : मॅक्स रोच आणि हलगीचा वाद

आंबेडकरी चळवळीत वाद्याबद्दल एक जुनी अढी आहे, आणि ती विनाकारण नाही. माझ्या आजोबांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावकीची कामं सोडली. मेलेलं जनावर ओढणं सोडलं, दवंडी सोडली, पाटलाच्या वरातीपुढे हलगी वाजवणंही सोडलं. हलगी वाईट म्हणून नव्हे, तर ती कधी वाजवायची, कोणापुढे वाजवायची आणि बदल्यात काय मिळणार, यातलं काहीच वाजवणाऱ्याच्या हातात नव्हतं म्हणून. आता वस्तीतली पोरं मला विचारतात, "हलगी आपलीच, मग पुन्हा हातात घेतली तर बिघडलं कुठे?" या प्रश्नावर मी त्यांना एका कृष्णवर्णीय अमेरिकन ड्रमरबद्दल सांगतो. त्यांचं नाव मॅक्स रोच.

रोच यांचा जन्म १९२४ साली नॉर्थ कॅरोलिनात झाला, वाढले ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. शेजारच्या साउथ कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी स्टोनो नदीकाठी बंड केलं होतं. ढोल वाजवत ते निघाले आणि वाटेत माणसं जोडत गेले. लगेच १७४० साली तिथल्या कायद्याने गुलामांच्या ढोलांवर बंदी आणली. तिथे मालकाने ढोल हिसकावून घेतला, इथे गावाने तो आपल्या गळ्यात बांधला. वरवर उलट दिसतं, पण दोन्हीकडे आवाजाचा ताबा दुसऱ्याकडेच होता.

जॅझच्या जुन्या वाद्यवृंदात ड्रमरचं मुख्य काम नाचणाऱ्यांसाठी ठेका धरण्याचं. केनी क्लार्क यांनी हा ठेका पायाखालच्या मोठ्या ढोलावरून झांजेवर नेला. रोच यांनी हीच वाट पुढे नेली. ठेका झांजेवर चालू राहिला आणि डावा हात व पाय मोकळे झाले. त्या मोकळ्या हातापायांनी ते सॅक्सोफोनला उत्तर देऊ लागले, मध्येच प्रश्न टाकू लागले. १९४५ साली चार्ली पार्कर यांच्यासोबत ध्वनिमुद्रित झालेलं 'को-को' ऐका. ड्रम तिथे हुकूम पाळत नाही, बोलतो. पुढे १९६६ च्या 'ड्रम्स अनलिमिटेड'मध्ये तर त्यांनी नुसत्या ड्रमच्या स्वतंत्र रचना वाजवल्या.

पण चांगलं वाजवणं पुरत नाही. कंपनी दुसऱ्याची असेल तर कमाईही दुसऱ्याची. म्हणून १९५२ साली चार्ल्स मिंगस आणि रोच यांनी 'डेब्यू' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. ती थोडीच वर्षं चालली. पण बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' का काढला हे ज्याला कळलं, त्याला या धडपडीचं मोल वेगळं समजवावं लागत नाही.

फेब्रुवारी १९६० मध्ये ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढल्या जाणाऱ्या खानावळीच्या टेबलाशी जाऊन बसले आणि हटले नाहीत. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं मारली. त्याच वर्षी रोच यांचा 'वी इन्सिस्ट!' हा अल्बम आला. मुखपृष्ठावर तशाच खानावळीत बसलेली कृष्णवर्णीय माणसं. आत गुलामगिरीपासून जोहान्सबर्गपर्यंतचा प्रवास. गीतं ऑस्कर ब्राउन ज्युनियर यांची, आवाज अॅबी लिंकन यांचा. एका भागात शब्दच नाहीत. अॅबी किंचाळतात आणि सोबत फक्त ड्रम. ते ऐकताना पोरं गप्प होतात. इंग्रजी येत नसलं तरी कळतं.

याची किंमत पडली. अॅबी लिंकन यांनी आपली ओळखच धंद्याला लावली, अशा अर्थाचा शेरा एका गोऱ्या समीक्षकाने मारला. हे बोलणं आपल्या ओळखीचं आहे. दलित साहित्यिकांनाही 'कलेत जात आणू नका' हेच ऐकवलं गेलं. जात आणली कोणी, हे मात्र सांगणारा कधी सांगत नाही. रोच मागे हटले नाहीत. १९६१ साली ते आफ्रिकेच्या बाजूने फलक घेऊन भर मैफलीत कार्नेगी हॉलच्या मंचावर जाऊन बसले, आणि मैफल होती त्यांच्या जुन्या साथीदाराची, माइल्स डेव्हिस यांची. पुढे ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवू लागले. नाक मुरडण्याऐवजी रॅप करणाऱ्या नव्या पोरांसोबत वाजवलं. १९८८ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, २००७ साली ते गेले.

कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या माणसाचा आपल्याशी संबंध काय? बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली दलित पँथरने नावच तिथून घेतलं. ही देवाणघेवाण आपल्या इतिहासातच आहे.

आता पोरांच्या प्रश्नाकडे. आजोबांनी हलगी खाली ठेवली, तो अपमानाला दिलेला नकार होता. तो नकार विसरून 'आपली परंपरा' म्हणत हलगी उचलणार असाल तर माझा विरोध आहे. उद्या एखादा पुढारी गणपतीच्या मिरवणुकीपुढे पाचशे रुपयांत तुम्हाला नाचवेल आणि त्याला लोककलेचा सन्मान म्हणेल. पण तो नकार लक्षात ठेवून, आपल्या अटीवर, आपल्या मंचावर, आपलं म्हणणं मांडायला उचलणार असाल तर जरूर उचला. तमिळनाडूत 'कास्टलेस कलेक्टिव्ह'च्या तरुणांनी परईबाबत हेच केलं.

मात्र मग रोच यांच्यासारखी तयारी करा. तासन् तास रियाज करा, हिशेब स्वतःकडे ठेवा, सोबतच्या मुलींना कोरसमध्ये ढकलू नका. १४ एप्रिलला भाड्याच्या डीजेवर जो पैसा जातो, त्याचा एक हिस्सा वस्तीतल्या वाद्यशाळेला द्या. आणि वाजवण्याआधी दर वेळी विचारा : आज नाही म्हणायची मोकळीक आपल्याला आहे का? ती असेल तरच काठी उचला.

जय भीम!