कापून उरलेली फिल्म

माझं काम जुनी फिल्म तपासण्याचं. सुती मोजे घालून निगेटिव्ह हळूहळू सरकवायची, बुरशी पुसायची, कडेची फाटलेली भोकं सांधायची आणि डब्यावर नोंद करायची. या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना मी आधी एक संच बघायला लावतो : ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा ब्लू-रे.

ही अमेरिकन मालिका १९८७ ते १९९४ चालली. १७८ भाग. चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर, पण संकलन आणि सगळी दृश्य-करामत व्हिडिओ टेपवर, कारण त्यात वेळ आणि पैसा वाचत होता. त्यामुळे पुरा झालेला भाग फिल्मवर कधी नव्हताच. जेमतेम ४८० रेषांची टेप हीच त्याची मूळ प्रत. १९६६ची पहिली ‘स्टार ट्रेक’ शेवटपर्यंत फिल्मवर झाली होती, तिची तयार फिल्म स्कॅन करता आली. इथे तो मार्ग बंद होता.

मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस कंपनीने मग कच्चा माल बाहेर काढला. निगेटिव्हची सुमारे २५,००० रिळं! हवे ते टेक शोधायचे, स्कॅन करायचे आणि प्रसारित झालेल्या भागाशी ताडून सगळं संकलन नव्याने करायचं.

मालिकेतल्या ‘एंटरप्राइझ’ अंतराळयानाचं एकच दृश्य घ्या. संगणकाने चालवलेला कॅमेरा मॉडेलवरून अगदी त्याच वाटेने पुन्हापुन्हा फिरे : एकदा यानाचं अंग, एकदा खिडक्यांतले दिवे, एकदा नुसता बाह्याकार. प्रत्येक फेरीची फिल्म वेगळी. त्या पट्ट्या कुणीतरी जपल्या होत्या, म्हणून आज खिडकी न् खिडकी मोजता येते. यानाच्या शस्त्राचे, म्हणजे फेझरचे, किरण मात्र टेपवरच बनलेले. त्यांची फिल्मच नव्हती, ते नव्याने करावे लागले. मूळ मालिकेत काम केलेले माइक आणि डेनिस ओकुडा सल्ल्याला होते, हे फार बरं झालं.

चौकट जुनी, ४:३चीच ठेवली. तोच खरा संयम. चित्र रुंद केलं असतं तर सेटवरचे दिवे आणि स्टँड दिसले असते. तरी चित्र इतकं स्वच्छ आहे, की चकाकी येऊ नये म्हणून यानाच्या पॅनेलवर चिकटवलेले काळ्या पुठ्ठ्याचे तुकडेही दिसतात. मला ते आवडतात. दुसऱ्या सीझनचं काम मात्र सीबीएसबाहेरच्या स्टुडिओने केलं. ते मला उणं वाटतं.

पहिला सीझन २०१२मध्ये आला, सातवा २०१४च्या डिसेंबरात. तोवर डिस्क विकत घेणारे कमी झाले होते. ‘स्टार ट्रेक’चीच पुढची मालिका ‘डीप स्पेस नाइन’ही याच पद्धतीने बनलेली; तिचा संपूर्ण संच डीव्हीडीच्या पुढे गेला नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. एका घरी मी एका मराठी मालिकेची टेप मोठ्या आशेने लावली होती. तिच्यावर कुणाच्या तरी लग्नाचं चित्रण केलेलं निघालं. मालिकेचं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

म्हणून विनंती. माळ्यावर फिल्मचे डबे असतील, अगदी कापून उरलेले तुकडे असतील, तरी रद्दीत घालू नका. आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करा, सगळे कोरड्या, थंड जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. पुढच्या पावसाळ्याआधी.